बेतवेला ओहोटी नाही

आमच्या झाशीच्या घरात समुद्राची वेळ पाळली जायची. समुद्र तिथून किती लांब हे सांगायला नको. आमच्या रेल्वे क्वार्टरांच्या रांगेत बहुतेकांनी तो नकाशातच पाहिला होता. पण नाना, म्हणजे माझे वडील, सकाळी आंघोळ करून आले की ओल्या पंच्यानिशीच पंचांगापुढे उभे राहायचे, बोटाने तिथी शोधायचे आणि दाराजवळ टांगलेल्या पाटीवर खडूने लिहायचे, "षष्ठी. भरती साडेचार." मग दोन पावलं मागे सरून पाटीकडे बघायचे आणि म्हणायचे, "म्हणजे आत्ता आमच्याकडे पाणी ओसरत असेल." आमच्याकडे म्हणजे देवगडच्या बाजूला, एका खाडीकाठच्या गावात. ते गाव त्यांनी विशीच्या आत सोडलं होतं. वर्कशॉपात ते टाइमकीपर होते. दिवसभर कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला हे बघायचं, एवढंच त्यांचं काम. भोंगा झाला की सगळी कॉलनी घड्याळं लावायची. नाना तेवढे आपलं घड्याळ त्या खाडीला लावून बसले होते.

हिशोब सोपा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. तिथून सहा तास आणि वर बारा मिनिटं मोजली की पूर्ण ओहोटी. त्यासाठी नानांनी मला पाऊणकी पाठ करायला लावली होती. शाळा हिंदी, मास्तर चिरगाँवचे. त्यांनी एकदा पौन का पहाडा कुणाला येतो म्हणून विचारलं, तर मी एका दमात तीसपर्यंत म्हणून दाखवला. मास्तरांना वाटलं, घरी किराण्याचं दुकान असणार. आता माझा नातू फोनवर जगातल्या कुठल्याही बंदराची भरती काढून दाखवतो. मी ती मनातल्या मनात तिथीशी ताडून पाहते, आणि फरक पडला तर दोष फोनला देते.

आई झाशीचीच, ओरछा गेटच्या आतली. तिचे पूर्वज मराठा सुभेदारांच्या काळात पूजाअर्चा करायला इकडे आले ते इकडचेच झाले. तिच्या माहेरी भाताला अजून ओगराळं लागायचं आणि स्वयंपाकघराला मात्र चौका म्हणायचे. तिच्या बोलण्यात दर तीन शब्दांमागे एक हिंदी, आणि ते तिला दाखवून दिलं तर म्हणायची, "हट, ही मराठीच आहे." समुद्र तिने पाहिला नव्हता आणि पाहायची हौसही नव्हती. "तुमच्या नानांची दोन घरं आहेत," ती आम्हाला सांगायची. "एकात मी चूल फुंकते, दुसरं पाण्यात आहे." गावाहून वर्षातून एकदा पार्सल यायचं. त्यात आमसुलं, कुळथाचं पीठ, दोन-चार नारळ. आई अरहरच्या, म्हणजे तुरीच्या डाळीत आमसूल टाकायची आणि शेजारच्या बहनजींना त्या काळ्या तुकड्याचा खुलासा करता करता दमायची. पण नानांच्या ताटात ते पडलं नाही असा दिवस गेला नाही. चिडवायची आणि करायचीही, असा तिचा स्वभाव.

रविवारी दुपारी नाना पितळी परातीत पाणी घ्यायचे, तळाशी ओल्या वाळूचा एक दांडा करायचे आणि सुपारीचं भकल होडी म्हणून सोडायचे. परात एका बाजूने हळूच उचलायची, की भरती. खाली टेकवायची, की ओहोटी. माझा धाकटा भाऊ सदू तेव्हा सहा वर्षांचा, तो सुपारी तोंडात घालायला टपलेला. मी चौदाची. बाहेर पडायचं ते ओहोटीबरोबर, घरी यायचं ते भरतीबरोबर, म्हणजे वल्ह्याला निम्मं काम राहतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी मवाळ. खाडीच्या तोंडाशी ओहोटी बाहेर चालली असेल आणि वारा समोरून आत येत असेल तर लाटा उभ्या राहतात. तिथे शिडाची होडी घालायची नाही, मग पलीकडे लग्न लागत असलं तरी. हे सगळं नाना वर्कशॉपातल्या नियमांसारखं सांगायचे, आणि शेवटी परात खाली टेकवून सुपारी वाळूच्या दांड्यावर बसवायचे. "होडी बसली. आता काय करायचं?"

"थांबायचं," मी आणि सदू एका सुरात म्हणायचो.

"उतरायचं?"

"नाही."

"का?"

"पाणी गेलं की येतं, आलं की जातं."

हा प्रश्न ते कधी चुकवायचे नाहीत, कारण त्याच्यामागे आबाकाका होते. नानांचे थोरले भाऊ. त्यांची होडी भर ओहोटीला दांड्यावर बसली. काठावर अकरा-बारा वर्षांचे नाना उभे. आबाकाकांना कसली घाई होती ते नानांनाही माहीत नव्हतं. ते होडीतून उतरले आणि चालत काठाकडे निघाले. मध्ये एक खोल पन्हळ होती, तिथे ओहोटीचं सगळं पाणी ओढ घेत होतं. नाना काठावरून "उतरू नको, उतरू नको" म्हणून ओरडत होते. आबाकाका काठाला लागलेच नाहीत. सहा तास होडीत नुसते बसून राहिले असते तर तीच होडी आपोआप तरंगली असती, हे नाना दर वेळी तशाच कोरड्या आवाजात सांगायचे. पुढे परातीतलं पाणी तुळशीला घालायचे आणि चहा मागायचे.

पावसाळा संपला की आम्ही बरेच रविवार ओरछाला जायचो. मऊरानीपूरकडे जाणारी सकाळची पॅसेंजर, उतरल्यावर टांगा, आणि मग बेतवा. आई आधी रामराजाच्या दर्शनाला, आम्ही तिघं थेट घाटावर. तिथे दल्लू नावाचा मल्लाह होता. पन्नाशीचा, एका कानात तांब्याची बाळी. नावेतून लोकांना पलीकडे जंगलात लाकडासाठी सोडायचा. नानांनी पहिल्याच दिवशी त्याच्याकडून वल्हं मागून घेतलं, आणि त्याने ते दिलं, कारण नानांनी नाव सोडताना नाक प्रवाहाकडे तिरकं धरलं होतं. ज्याला येतं त्याला ते दिसतं. नाव चालवताना नाना वेगळेच दिसायचे, खांदे मोकळे, चेहरा तरुण. ते बघायला मला आवडायचं.

पण नदीला ते जरा कमी लेखायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही. "हिला एकच दिशा," म्हणायचे. "हिच्यात शिकायचं काय?" दल्लू कक्काने एकदा तिथीचा हिशोब पुरता ऐकून घेतला, बिडी विझवली आणि म्हणाला, "चंदा की बात समुंदर मानत हुइए, नाना साब. जा बेतवा तो फाटक की मानत." फाटक म्हणजे वरच्या अंगाच्या धरणाचे दरवाजे. कालव्यांना पाणी लागलं की ते उघडायचे आणि भर उन्हात, निरभ्र आकाशाखाली नदी चढायची. नाना रेल्वेचे. त्यांनी लगेच विचारलं, "फाटक का टाइम क्या है?" दल्लू हसला. "टैम नइयाँ." नानांना ते पटलं नाही. फाटक आहे तर वेळापत्रक असणारच. कुणाला माहीत नसेल, एवढंच. त्यांनी खिशातल्या डायरीत नदीच्या पातळीच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, शेजारी तिथी लिहून. त्यातून काहीच निघालं नाही, तरी ते लिहीत राहिले.

मला मात्र दल्लू कक्काच्या गोष्टी कानावर पडत गेल्या, कारण नाना नाव चालवत असताना माझ्याशिवाय त्याला ऐकायला कुणी नव्हतं. तो मला बिन्नू म्हणायचा, आमच्याकडे ताई म्हणावं तसं. पाणी येतं तेव्हा आधी फेस येतो, मग वाळकी पानं आणि शेणाच्या गोवऱ्यांचे तुकडे, म्हणजे वरच्या काठावरचं जे जे कोरडं पडलेलं असतं ते. आणि डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. उथळ पाणी दगडगोट्यांवरून बडबडत जातं. पाणी चढलं की गोटे बुडतात आणि बडबड थांबते. "नदिया चुप्प हो जाय," तो म्हणायचा, "तो ठाँड़ी नें रइयो." म्हणजे उभी राहू नकोस, निघ.

त्या रविवारी माघातलं कोवळं ऊन होतं. पाणी इतकं उतरलं होतं की घाटापासून मधल्या एका मोठ्या सपाट शिळेपर्यंत दगडांवर पाय ठेवत कोरड्या पायांनी जाता येत होतं. दल्लूची नाव काठावर उपडी पडलेली, तो तिला डांबर लावत होता. आई दर्शनाला गेली. आम्ही तिघं डबा घेऊन शिळेवर जाऊन बसलो. डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं. नाना सदूला शिळेच्या बाजूवरचा काळपट पट्टा दाखवत होते. "हा बघ, पाण्याचा डाग. पाणी कुठवर चढतं ते खडक स्वतः सांगतो." मी पुरीचा घास तोंडात घातला आणि मला माझ्याच चावण्याचा आवाज ऐकू आला.

तो आधी ऐकू येत नव्हता. मी खाली पाहिलं. आलो त्या दगडांपैकी शेवटचे दोन दिसत नव्हते, आणि त्यांच्यावरून साबणाच्या पाण्यासारखा फेस चालला होता. मी नानांना सांगितलं. त्यांनी पाहिलं, घड्याळ काढलं, अकरा वाजले होते. ते अजिबात घाबरले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे नातेवाइकांत ही गोष्ट सांगताना लोक नानांना घाबरवून टाकतात. ते अगदी शांत होते. "बसा," ते म्हणाले. "पाणी चढतंय. डाग आपल्या खाली दोन हात आहे. चढेल आणि उतरेल. घाई करायची नाही."

काठावरून दल्लूने हाक मारली. डांबराचा बोळा टाकून तो लग्गी, म्हणजे नाव ढकलायचा लांब बांबू, घेऊन पाण्यात शिरला होता. पाणी त्याच्या गुडघ्याला होतं. "बिन्नू, मोड़ा खों लै आओ! अबई आओ!" मोड़ा म्हणजे पोरगा, आमचा सदू.

"हम रुकेंगे, दल्लू," नाना ओरडले. "उतरने दो पानी."

"जौ पानी आज नें उतरहै, नाना साब!"

"उतरेगा."

मी उठले तर नाना म्हणाले, "खाली बस." मी म्हटलं, नाना, हा डाग रोजचा आहे, पावसाळ्यात ही अख्खी शिळा बुडते, कक्काने सांगितलंय. ते म्हणाले, "पावसाळा नाहीये." मी म्हटलं, फाटक उघडलंय. ते म्हणाले, "मग बंदही होईल." त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. चौदा वर्षांत त्यांचं पाण्याबद्दलचं एकही वाक्य मला खोटं ठरलेलं माहीत नव्हतं. दल्लूच्या मांडीला पाणी लागलं होतं. सदूचं मनगट नानांच्या मुठीत होतं आणि मूठ पांढरी झाली होती.

मी ती मूठ सोडवली. एकेक बोट उचलून. नानांना वाटलं असावं, मी सदूला जवळ घेते आहे, कारण पहिली दोन बोटं त्यांनीच सैल केली. मग मी सदूला काखेत मारलं आणि शिळेवरून खाली उतरले.

"उतरू नको!" मागून आवाज आला. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यात कोरडेपणा नावालाही नव्हता. तो आवाज एका लहान मुलाचा होता, आणि कुणाचा ते मला त्या क्षणीच समजलं. तरी मी थांबले नाही. पाणी कमरेला लागलं, थंडगार, आणि बाजूने असं ढकलत होतं जसं गर्दीतला माणूस न बघता ढकलतो. पाय उचलायचा नाही, सरकवायचा, हे दल्लूने शिकवलेलं होतं. त्याने लग्गीचं टोक पुढे केलं, मी ते धरलं. सदू माझ्या कानाशी न रडता सारखा विचारत होता, "ताई, डबा राहिला ना? डबा राहिला ना?"

सदूला काठावर ठेवून मी मागे वळले. नाना शिळेच्या मधोमध उभे होते. काळा डाग दिसेनासा झाला होता. दल्लू हाका मारत होता, नाना हलत नव्हते. मला अजून वाटतं, त्यांना ऐकूच येत नव्हतं. पाण्यात कुणी उतरलं की पुढे काय होतं हे त्यांनी एकदा पाहिलं होतं, आणि आत्ता ते पुन्हा बघत उभे होते. मी बोलावून ते येणार नव्हते. मग मला एकच सुचलं. मी पाण्यात परत निघाले.

"नाना," मी ओरडले, "तुम्ही थांबता तर मीही येते थांबायला."

दल्लूने कपाळावर हात मारला. मी चार पावलं गेले. पाणी पोटाच्या वर आलं. पाचवं पाऊल टाकायच्या आत नानांनी उडी टाकली. ती उडी कसल्याही नियमात बसणारी नव्हती. छातीभर पाण्यात ते दोनदा घसरले, एकदा पूर्ण खाली गेले, दल्लूने लग्गी त्यांच्या काखेत अडकवून ओढली आणि आम्ही तिघं घाटाच्या पायरीला लागलो. थोड्याच वेळात शिळा दिसेनाशी झाली. ती होती तिथे पाणी नुसतं फुगून वाहत होतं. सदूचा डबा केव्हाच गेला होता.

आई प्रसादाचे विडे घेऊन आली तेव्हा आम्ही रांगेने ओले बसलो होतो. तिने आधी सगळ्यांची डोकी पुसली, मग विचारलं. नानांनीच सांगितलं, काही न लपवता. "मी बसा म्हणत होतो. हिने ऐकलं नाही." आई माझ्याकडे बघत राहिली, नानांकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "चला घरी." नाना म्हणाले, "पाच वाजून बारा मिनिटांनी."

आईला काही कळेना. मला कळलं. अकरापासून सहा तास आणि वर बारा मिनिटं. ते पायरीवर बसून राहिले, घड्याळ तळहातावर घेऊन. त्याच्यात पाणी गेलं होतं, पण ते चालू होतं. आई चिडली, विनवून झालं, शेवटी दल्लूच्या घरून आमच्यासाठी भाकरी आणि भाजी घेऊन आली. नानांनी पायरीच्या कडेला एक गोटा ठेवला होता, पाण्याला अगदी लागून. दुपारभर ते त्या गोट्याकडे बघत होते. दल्लू एकदा येऊन शेजारी बसला, बिडी ओढून गेला. पाणी गोट्यावरून गेलं, पुढच्या पायरीवर आलं. पाच वाजून बारा मिनिटांनी ते तिथेच होतं. उलट चार बोटं वर. पुढे दल्लूकडून कळलं, ते तब्बल नऊ दिवस उतरलं नाही.

नानांनी घड्याळ खिशात ठेवलं. मग ते रडले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मी त्यांना तोवर रडताना पाहिलं नव्हतं आणि मला कुठे बघावं ते कळेना. थोड्या वेळाने म्हणाले, "आबाला मी इतकी वर्षं मूर्ख म्हणत आलो." आणि मग माझ्याकडे न बघता, "तू ऐकलं नाहीस ते बरं केलंस, बाई."

मला तेव्हा वाटली ती भीतीच. जे खरं म्हणून मी पाऊणकीसारखं पाठ केलं होतं ते सगळं त्या पायरीवर ओलं होऊन बसलं होतं, आणि ते मी केलं होतं. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे तीस-पस्तीस वर्षं आल्यावर वाटतं, स्वतःची चूक घड्याळ लावून पूर्ण सहा तास बघत बसायला जी छाती लागते, ती माझ्यात नाही. पण हे आजचं. त्या दिवशी मी फक्त ओला परकर पिळत होते.

"उठा आता," आई म्हणाली. "पाण्याने ऐकलं नाही, लेकीने ऐकलं नाही, निदान गाडी तरी टाइमवर पकडू या."

नाना उठले. टांग्याच्या अड्ड्यापर्यंत चालत जायचं होतं. त्यांनी सवयीने सदूकडे हात केला. सदूने तो पाहिला, मनगट पाठीमागे लपवलं, आणि येऊन माझा हात धरला. नानांचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला आणि खाली आला. ते आमच्या मागून चालू लागले.

दहा-वीस पावलं मी तशीच गेले. मग थांबले, नानांना गाठू दिलं आणि सदूचा हात माझ्या हातातून काढून त्यांच्या हातात दिला. सदू कुरकुरला. नानांनी तो धरला, पण इतका हलका धरला की सदूला हवा तेव्हा सोडवून घेता आला असता. स्टेशन येईपर्यंत मी बघत होते. त्याने सोडवून घेतला नाही.